खरं, धुणार कोण गे?

एका वाचक ताईंचं पत्र, थोडक्यात: राहायला बेळगावच्या शहापूर भागात, वय एक्केचाळीस. घरी पती, सासूबाई, कॉलेजात जाणारा मुलगा आणि तेरा वर्षांची मुलगी. चार महिन्यांपूर्वी त्यांनी घरातलं ‘वापरा आणि फेका’ बंद करायचं ठरवलं. प्लॅस्टिकचे सतरा डबे भंगारवाल्याला दिले. काचेच्या बरण्या, बांबूचे ब्रश, स्टीलच्या स्ट्रॉ, छापील कापडी पिशव्या असं सगळं ऑनलाइन मागवलं, त्यात सहा हजार रुपये गेले. सासूबाई दुखावल्या. “माझं डबं काय खायला मागत होतं काय?” एवढंच म्हणाल्या आणि तेव्हापासून स्वयंपाकघरात फारशा येत नाहीत. मुलगी कापडी पॅडला ठाम नकार देते. आता मार्गशीर्षात नव्या घराची वास्तुशांत आहे, अडीचशे पान. ताईंना स्टीलच्या ताटात पंगत वाढायची आहे, घरचे म्हणतात सरळ यूज अँड थ्रो आणा. सासूबाईंनी फक्त विचारलं, “खरं, धुणार कोण गे?” ताई विचारतात, “माझं चुकतंय का? की आमच्या घरात कुणाला कशाची पडलेलीच नाही?”

प्रिय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा सासूबाईंच्या त्या प्रश्नापाशी थांबले. तुम्ही तो विरोध म्हणून लिहिलाय. मला मात्र सगळ्या पत्रात तोच प्रश्न सर्वांत जास्त महत्त्वाचा वाटला.

माझं लहानपण खानापूर तालुक्यात गेलं. तिकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. माझा धाकटा भाऊ आषाढात जन्मला. त्याची दुपटी आणि लंगोट वाळवायला आई न्हाणीतल्या चुलीवर दोरी बांधायची. कपड्यांना धुराचा वास यायचा, तरी ते पुरते वाळायचे नाहीत. धुण्याच्या सोड्यानं तिच्या बोटांच्या पेरांना भेगा पडायच्या आणि रात्री ती त्यात कोकमाचं तेल भरायची. त्या काळी घरात फेकून द्यायची वस्तू म्हणून जवळजवळ नव्हतीच. आज आपण ज्याला पर्यावरणपूरक घर म्हणतो तसं ते घर होतं, आणि ते चालायचं एका बाईच्या हातांवर. पुढे माझ्या मुलाच्या वेळी डायपर आले, तेव्हा आई पाकीट हातात घेऊन कितीतरी वेळ बघत बसली होती. “आमच्या येळला पायजे हुतं गे हे,” म्हणाली. तिला मी आजही चूक म्हणणार नाही.

हे सांगायचं कारण, टाकाऊ वस्तू घरात आल्या त्या आळसामुळे आल्या असं आपण धरून चालतो. खरं तर पुष्कळ घरांत त्या बाईच्या पाठीला आराम म्हणून आल्या. म्हणून त्या बाहेर काढताना आराम कुणाचा जाणार, हे आधी बघावं लागतं. तुमच्या पत्रात प्रत्येक कामाचा कर्ता ‘मी’ आहे. मी ठरवलं, मी दिलं, मी मागवलं, मी बंद केलं. टिश्यू गेले, त्यांच्या जागी फडकी आली. ती रोज कोण धुतं? कागदी कप गेले, मग संध्याकाळी आलेल्या पाहुण्यांच्या कपबश्या कोण विसळतं? त्याचं उत्तरही ‘मी’ असेल, तर घरच्यांना कशाची पडलेली नाही असं म्हणण्याआधी थोडं थांबा. त्यांच्या वाट्याला या बदलातलं काहीच आलेलं नाही. ना ठरवणं, ना धुणं. सासूबाईंच्या वाट्याला आलं ते एवढंच, की त्यांचे डबे गेले.

त्या सतरा डब्यांबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे, राग मानू नका. वापरात असलेला प्लॅस्टिकचा डबा हा कचरा नसतो. तो बनवताना जे तेल आणि जी वीज लागली ती लागून गेली. तो आणखी दहा वर्षं वापरला तर तेवढी वर्षं दुसरा डबा बनवावा लागत नाही. तुम्ही तो बाहेर काढला, त्याच्या जागी काचेची बरणी आणली, आणि ती बरणी बहुधा फुग्यांच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, वर खोक्यात बसून आली असेल. यातून कचरा कमी झाला नाही. डबे मात्र एका वयस्क बाईनं वर्षानुवर्षं जपलेले होते. कुठल्या डब्यात पोहे, कुठल्यात हरभऱ्याची डाळ, हे तिला अंधारातही कळत असणार. तुमच्या हेतूबद्दल मला शंका नाही, पण त्यांच्या मांडणीतला संसार तुम्ही त्यांना न विचारता भंगारात घातलात, आणि त्याबद्दल त्यांच्याशी बोलायला हवं. “चुकलं माझं, आधी विचारायला पाहिजे होतं” एवढं वाक्य पुरे आहे. त्यानंतर पर्यावरणाचं काही समजावू नका.

ज्यांच्याकडे असे डबे अजून आहेत त्यांच्यासाठी: कोरडं धान्य, डाळी, पापड, कुरडया जुन्या डब्यात खुशाल राहू द्या. गरम, तेलकट आणि आंबट मात्र प्लॅस्टिकात ठेवू नये. लोणचं चिनीमातीच्या बरणीत, गरम भाजी स्टीलमध्ये. डबा फुटला, चरे पडले, की मगच तो बदलायचा, तेही आधी माळ्यावर काय आहे ते बघून. आपल्याकडच्या बहुतेक घरांत माळ्यावर रुखवताचे स्टीलचे डबे, पितळी पातेली आणि एखादी किटली पडून असते. बोहारणीकडून जुन्या साड्यांवर घेतलेली भांडी तर निम्मी कधी वापरलेलीच नसतात. सासूबाईंना घेऊन एक दिवस माळा काढा. सहा हजारांच्या खरेदीनं जे जमलं नाही ते तिथे सापडेल असं मला वाटतं.

पिशव्यांचंही तसंच. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्यानं २०१८ साली एक अभ्यास केला होता. नवीन सुती पिशवी बनवताना कापसाची शेती, पाणी, रंग असं बरंच काही लागतं. त्यामुळे निव्वळ हवामानावरचा परिणाम मोजला तरी साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला यायला ती सुमारे ५२ वेळा वापरावी लागते, आणि बाकीचे परिणाम धरले तर आकडा हजारांत जातो. म्हणजे कपाटात घडी करून ठेवलेल्या दहा छापील पिशव्यांचा काही उपयोग नाही. जुन्या साडीची, उशीच्या अभ्र्याची, गल्लीतल्या टेलरकडून शिवून घेतलेली पिशवी चांगली, कारण तिच्यासाठी नवा कापूस लागला नाही. शहापूर-वडगावात राहून कापडासाठी ऑनलाइन जायचं म्हणजे फारच झालं, ताई. तुमच्या आसपास हातमाग-यंत्रमागावर साड्या विणणाऱ्यांची वस्ती आहे!

बाजारात कापडासारखी दिसणारी, लाल-हिरवी, हाताला खरखरीत लागणारी पिशवी मिळते, ती मात्र कापडाची नाही. ती पॉलिप्रोपिलीनची, म्हणजे प्लॅस्टिकचीच. पुष्कळजण ती विश्वासानं घेतात, म्हणून सांगितलं. बांबूच्या ब्रशचे केसही बहुतेक वेळा नायलॉनचेच असतात. दांडा मातीत जाईल, केस जाणार नाहीत.

आता काय बदलायचं हे कसं ठरवायचं? माझा एकच उपाय आहे. एक पोतं घ्या आणि आठ दिवस घरातला सगळा सुका कचरा त्यात टाका. गाडीला देऊ नका. आठव्या दिवशी अंगणात जुनं वर्तमानपत्र पसरून पोतं रिकामं करा, आणि त्या वेळी घरातले सगळे हजर हवेत, मुलगासुद्धा. दुधाच्या पिशव्या किती, कुरकुरे-बिस्किटांची पाकिटं किती, शाम्पूच्या पुड्या किती, बाजाराच्या पिशव्या किती, ते नुसतं वेगवेगळं करून ठेवायचं. कुणी कुणाला बोलायचं नाही. हा ढीग गाडीत पडला की वेंगुर्ला रस्त्यावर तुरमुरीच्या कचरा डेपोत जातो. तुरमुरी हे गावच आहे. तिथेही माणसं राहतात, शेती करतात. आपल्या घरातून गेलं म्हणजे गेलं, असं होत नाही.

ढीग समोर असला की कुठून सुरुवात करायची ते कुणी सांगावं लागत नाही. दुधाच्या पिशव्या जास्त निघाल्या तर रतिबाचं दूध किटलीत घेता येतं का बघा. आपल्याकडे आजूबाजूच्या खेड्यांतून कॅन घेऊन येणारे दूधवाले अजून आहेत. पाकिटाचंच घ्यायचं असेल तर कोपरा पुरता कापून टाकू नका, चीर द्या, म्हणजे तो चिमुकला तुकडा पिशवीला लागून राहतो. सुटा तुकडा कुणी उचलत नाही. पिशवी विसळून वाळवली की भंगारवाला घेतो. मटण-मासळी आणायला स्टीलचा डबा न्या, दुकानदार काही म्हणत नाही. भांडी घासायला काथ्या किंवा वाळलेलं घोसाळं. घोसाळ्याचा एक वेल कुंपणावर चढवला की वर्षभराची सोय होते.

मात्र एका वेळी एकच वस्तू. ती घराच्या अंगवळणी पडली की पुढची. आणि वस्तू बदलताना तिचं धुणं कुणाकडे हे त्याच दिवशी ठरवायचं. पिशव्या स्कूटरच्या डिकीत परत ठेवणं पतींकडे, किटली विसळणं मुलाकडे. तुम्ही एक दिवस विसरलात तर चालेल आणि ते विसरले तर तुम्ही मागून करायचं नाही, इतकं पाळा. पहिल्या आठवड्यात दूध किटलीत फाटेल कदाचित. फाटू दे.

मुलीचं सांगते. तिच्या नकाराकडे तुम्ही घरातलं तिसरं भांडण म्हणून बघताय. मला तो फार समजूतदार नकार वाटतो. तेरा वर्षांची मुलगी दिवसाचे सहा-सात तास शाळेत असते. तिथे कापडी पॅड बदलायचं कुठे, भिजलेलं ठेवायचं कशात? शिवाय कापडी पॅड धुतल्यावर कडक उन्हात वाळायला लागतं. ओलसर राहिलं तर जंतुसंसर्गाची भीती असते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ऊन दिसतं कुठे? शरीर तिचं आहे, तिथे तिचाच निर्णय चालला पाहिजे. पृथ्वी वाचवायची सुरुवात घरातल्या सर्वांत लहान मुलीच्या पाळीपासून करायची नसते.

तुम्हाला स्वतःसाठी बदल करायचा असेल तर जरूर करा. सिलिकॉनचा मेन्स्ट्रुअल कप नीट जपला तर कित्येक वर्षं टिकतो, पाळी संपल्यावर उकळून ठेवायचा आणि वाळवायची कटकट नाही. सवय व्हायला दोन-तीन महिने लागतात. काही त्रास वाटला तर स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. मुलगी बघेल, मोठी झाल्यावर तिला वाटलं तर तीच विचारेल. तोवर वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून वेगळं द्यायचं, ओल्या-सुक्यात मिसळायचं नाही, एवढंच तिला शिकवा. कचरा निवडणाऱ्या बायका तो हातानं निवडतात, हे तिला सांगितलंत तर ती नक्की ऐकेल.

आणि आता वास्तुशांत.

पहिल्यांदा कायद्याचं. प्लॅस्टिकच्या आणि थर्माकोलच्या ताट-वाट्या, ग्लास, चमचे यांवर कर्नाटकात २०१६ पासून बंदी आहे. सीमेपलीकडे महाराष्ट्रात ती २०१८ मध्ये आली आणि १ जुलै २०२२ पासून सगळ्या देशात आहे. तेव्हा ‘चंदगडकडून आणू’, ‘कोल्हापुरातनं मागवू’ यालाही आता अर्थ नाही. कागदी म्हणून मिळतात त्या चांदीच्या रंगाच्या चकचकीत पत्रावळींना वरून प्लॅस्टिकचा थर असतो, त्यामुळे त्या मातीतही मिसळत नाहीत आणि रद्दीतही जात नाहीत. चहाच्या कागदी कपांनाही आतून तसाच थर असतो. आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी मोजलं होतं: १०० मिलिलिटर गरम द्रव अशा कपात १५ मिनिटं राहिला तर त्यात प्लॅस्टिकचे सुमारे २५,००० सूक्ष्म कण उतरतात. नव्या घरात आलेल्या माणसाला हे प्यायला द्यावं असं कुणालाच वाटणार नाही. घरच्यांना समजावताना कचऱ्यापेक्षा हा मुद्दा आधी सांगा.

मग उरतात दोन मार्ग, स्टीलची ताटं नाहीतर पानं. दोन्ही चांगले आहेत. तुम्हाला वाटतं स्टील म्हणजेच खरं, पान म्हणजे तडजोड. मला तसं वाटत नाही. केळीचं पान, पळसाची पत्रावळ, सुपारीच्या विरीचं ताट, हे सगळं एकदाच वापरून टाकायचं असलं तरी मातीचंच आहे. गुरं केळीचं पान खातात, बाकीचं खतात जातं. धुवायला माणसं मिळणार नसतील, पाण्याची ओढ असेल, तर पानावर वाढा आणि मनाला लावून घेऊ नका. फक्त पत्रावळ टाक्यानं, काडीनं जोडलेली आहे ना, खाली प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला नाही ना, हे उलटी करून बघून घ्या. आणि ती पानं शेवटी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून गाडीत टाकली तर सगळा खटाटोप फुकट जातो. ज्याच्याकडे गुरं किंवा शेत आहे अशा माणसाशी आधी बोलून ठेवा, येळ्ळूर-मजगावकडचे कुणी ना कुणी ओळखीचे असतीलच.

स्टीलच ठरलं तर नवी ताटं विकत घेऊ नका. आपल्याकडे बऱ्याच गल्ल्यांत पंच मंडळी किंवा देवस्थानाकडे पंगतीची भांडी असतात, मंडपवाल्यांकडेही भाड्यानं मिळतात. ताट, वाटी, तांब्या-पेला, सगळं. मोजून घ्यायची आणि मोजून द्यायची. ताटं घासायला दोन बायका लावा, आणि त्यांना आचाऱ्याच्या हाताखालच्या म्हणून वरकड पैसे देऊ नका, त्यांचं स्वतःचं मानधन ठरवा. त्यांचं जेवण पहिल्या पंगतीबरोबर काढून ठेवा. शेवटी उरलंसुरलं त्यांच्या वाट्याला येतं, ते यंदा तुमच्या घरी होऊ नये.

पाणी वाचवायची रीत जुन्या आचाऱ्यांना ठाऊक असते. ताट धुण्याआधी खरकटं हातानं एका पिंपात झाडून टाकायचं. पुढे तीन टपं ओळीनं: पहिल्यात नुसतं विसळायचं, दुसऱ्यात साबण, तिसऱ्यात स्वच्छ पाणी. तिसऱ्या टपातलं पाणी गढूळलं की ते पहिल्यात ओतायचं. नळाखाली एकेक ताट धुण्यापेक्षा यात पाणी खूपच कमी लागतं. शेवटी कढत पाण्याचा हबका मारून ताटं उन्हात पालथी घालायची. मार्गशीर्षात ऊन छान असतं, अर्ध्या तासात कोरडी होतात आणि दुसऱ्या पंगतीला तयार. अडीचशे पानांसाठी तीन पंगती धरल्या तर शंभर ताटं पुरतात, अडीचशे आणायची गरज नाही. भाडं कमी, घासणंही एकदम अंगावर येत नाही.

पिण्याचं पाणी तांब्या-पेल्यानं वाढा. बाटल्यांचे खोके मागवायचा आग्रह होईल, तेव्हा खानापूरकडचे दोन मोठे माठ आणून ठेवा. खानापूरची माती भांड्यांसाठी आणि कौलांसाठी नावाजलेली आहे. माठ नंतर नव्या घरात राहतील. पाणी उकळून गाळून आदल्या दिवशीच भरून ठेवा, म्हणजे आजारी माणसं आणि लहान मुलांच्या आयाही निर्धास्त राहतील.

मात्र या सगळ्यात तुमची जागा टपाजवळ नसावी. त्या दिवशी तुम्ही यजमानीण आहात, पूजेला बसायचं आहे, उपवास असेल. खरकट्याच्या पिंपाजवळ मुलाला आणि त्याच्या मित्रांना उभं करा. ताटं मोजणं पतींकडे द्या. आधी सांगून, कागदावर नावं लिहून. त्यांनी ‘बघू’ म्हटलं तर त्याच क्षणी पानांवर वाढायचं ठरवा आणि निर्धास्त व्हा. अडीचशे माणसांचं खरकटं एकट्या तुमच्या अंगावर पडणार असेल तर स्टीलचा आग्रह धरू नका असंच मी सांगेन.

तुमचं चुकतंय का, असं विचारलंत. ध्यास योग्य आहे, तो सोडू नका. घाई झाली, आणि ती एकटीनं झाली. त्या स्टीलच्या स्ट्रॉ तुम्हाला लागणार नाहीत, आपल्या घरात ताक भांड्यानंच पितात. कुठल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसाला त्यांचा खरा उपयोग होतो, ओळखीत कुणी असेल तर देऊन टाका. काचेच्या बरण्या आल्याच आहेत, तर त्यात काय भरायचं ते सासूबाईंना ठरवू द्या.

तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते आणि पंचांकडची भांडी आधीच बोलली जातात. तेव्हा याच आठवड्यात जाऊन तारीख सांगून या. सासूबाईंना बरोबर न्या. कुणाकडची ताटं जड, कुणाकडची पातळ आणि कोणत्या बायका घासायला चोख, हे त्यांना माहीत असतं. त्यांच्या प्रश्नाचं उत्तरही त्यांच्याच ओळखीत निघेल.